मीठ कुणाचं?

फिलाडेल्फियातल्या त्या स्वयंपाकघरात फ्रिज ओळीने मांडलेले होते. आत ठेवायच्या प्रत्येक डब्यावर खोलीचा नंबर आणि तारीख घालायची, असा नियम. मी आळिवाच्या खिरीच्या पातेल्यावर कागदी टेपची पट्टी चिकटवली, आमचा नंबर लिहिला आणि खाली मराठीत ‘आळीव’ असंही लिहिलं. तिथे ते कुणाला वाचता येणार नव्हतं. पण लेकीच्या बाळंतपणातलं माझ्या हातात उरलेलं तेवढं एकच काम होतं आणि ते मला नीट करायचं होतं.

नातू एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मला. वजन १ किलो १६० ग्रॅम. माझं मार्चचं तिकीट होतं, ते बदलून मी जानेवारीतच मिरजेहून निघाले. बॅगेत डिंक, खारीक, आळीव, बाळंतशेपा असं सगळं भरलं होतं, पण ते भरताना हात थरथरत होते. २०१८ सालची गोष्ट. लेकीचं घर फिलाडेल्फियापासून गाडीने अडीच तासांवर. बाळ काचेच्या पेटीत, लेक ओली बाळंतीण, आणि जावयाला चार दिवसांत कामावर हजर व्हायचं होतं. हॉटेलात दीड महिना काढायचा तर त्याचा हिशेब मांडायचीसुद्धा भीती वाटत होती. हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करने एक अर्ज भरून घेतला आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला खोली मिळाली. जमेल त्याने रात्रीमागे मोजके डॉलर द्यायचे, न जमेल त्याला कुणी मागत नाही. आजारी मुलांच्या घरच्या माणसांसाठी असलेल्या त्या घराचं नाव रोनाल्ड मॅकडोनल्ड हाऊस.

सांगलीच्या बहिणीला फोनवर हे नाव सांगितलं, तर तिने आधी हेच विचारलं, “म्हणजे रोज बर्गर खायचा का गं?”

आम्ही तिथे एक्केचाळीस रात्री काढल्या, त्यात ताटात बर्गर एकदाही आला नाही. संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या गटाची माणसं यायची. कधी चर्चच्या बायका, कधी बँकेतली तरुण पोरं, कधी एखादं कुटुंबच्या कुटुंब. सामान स्वतःच्या पैशाने आणायचं, तिथेच शिजवायचं, वाढायचं, भांडी घासायची आणि जायचं. दर गुरुवारी एक म्हातारे गृहस्थ यायचे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. ते सूप करायचे. पहिल्या गुरुवारी मी नुसता पाव घेऊन उठले, कारण सुपात कोंबडीचं पाणी होतं. मी कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या गुरुवारी हॉस्पिटलमधून यायला रात्रीचे दहा वाजले. स्वयंपाकघर आवरून ठेवलेलं होतं, दिवे मंद केलेले. फ्रिज उघडला तर एक छोटं पातेलं, त्यावर कागदी टेपची पट्टी, पट्टीवर आमच्या खोलीचा नंबर आणि इंग्रजीत दोनच शब्द: ‘फक्त भाज्या’. ते सूप मी गरम केलं आणि उभ्या उभ्या प्यायले. बाळाला त्या दिवशी दोनदा श्वास घ्यायचा विसर पडला होता. पायांत बसण्याइतकंही त्राण नव्हतं आणि बसले असते तर उठले नसते.

आजारी माणसासोबत आलेल्या माणसाचं काय होतं, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथे मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोल्हापूर-सोलापूरकडून पेशंट येत राहिले. पेशंटला खाट मिळायची. बरोबरच्या माणसांना झाडाची सावली. आवारात कडेला स्टोव्ह फुरफुरत असायचे, दोरीवर लुगडी वाळत असायची, आणि एखादी बाई गुडघ्यांत डोकं घालून बसलेली असायची. आई शनिवारी जास्तीच्या भाकऱ्या थापायची आणि माझ्या हाती फडक्यात बांधून द्यायची. “कुणाला दिल्या ते मला सांगू नको,” असं ती प्रत्येक वेळी बजावायची. तेव्हा ते कळायचं नाही.

पुढे १९९८ साली दिरांना घशाचा कर्करोग निघाला आणि आम्ही परळला टाटा हॉस्पिटलला गेलो. त्या रस्त्याच्या फुटपाथवर प्लास्टिकचे कागद बांधून राहणारी कुटुंबं पाहिली. मुलाच्या हाताला सलाइनची सुई टोचलेली आणि तो फुटपाथवर सतरंजीवर झोपलेला. आम्हाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून आमचं निभावलं. फिलाडेल्फियात त्या स्वच्छ, उबदार खोलीत पहिल्या रात्री मला दादरचीच आठवण झाली. नळाचं पाणी वेगळं, भिंतींचा रंग वेगळा, पण दारावरून जाणारी पावलं तीच. रात्री उशिरा येणारी, कुणाला जाग येऊ नये म्हणून जपून टाकलेली.

या घराचा उगम त्याच शहरातला. १९७४. फिलाडेल्फिया ईगल्स संघाचा फुटबॉलपटू फ्रेड हिल याची लहानगी मुलगी किम हिला रक्ताचा कर्करोग झाला होता. हॉस्पिटलमध्ये खुर्च्यांवर, बाकांवर झोपणारे, मशिनमधलं मिळेल ते खाणारे आई-बाप त्याने पाहिले आणि तो स्वतः त्यांच्यातलाच एक होता. तिथल्या बालरुग्णालयात डॉ. ऑड्री एव्हान्स लहान मुलांच्या कर्करोगावर उपचार करत होत्या आणि अशा पालकांसाठी एक घर असावं, हा त्यांचा ध्यास होता. ईगल्सचे व्यवस्थापक जिमी मरे यांनी पैशासाठी मॅकडोनल्ड्सकडे शब्द टाकला. सेंट पॅट्रिकच्या सणाला तिथे हिरवा ‘शॅमरॉक शेक’ विकला जायचा. एका शेकमागे काही सेंट द्याल का, असं मरे यांनी विचारलं. कंपनीचा माणूस म्हणाला, सगळेच पैसे दिले तर घराला रोनाल्ड मॅकडोनल्डचं नाव द्याल का? गोष्ट अशीच सांगितली जाते. नाव दिलं गेलं, ऑक्टोबरात घर उघडलं, आणि आज जगभरात अशी साडेतीनशेहून अधिक घरं आहेत.

रोनाल्ड हा कंपनीच्या जाहिरातीतला विदूषक, १९६३ पासूनचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्या घरात हा व्यवहार होता: पैसे कंपनीचे, दारावरची पाटीही कंपनीची. मला त्या वेळी याचं काही वाटलं नाही. दार उघडं होतं एवढंच मी पाहिलं.

वाटायला लागलं ते चार वर्षांनी. २०२२ साली मी परत गेले तेव्हा नातू चार वर्षांचा, गुटगुटीत, बोलायला लागला की थांबत नव्हता. आम्ही गाडीतून कुठेतरी निघालो होतो. लेकीने कॉफीसाठी मॅकडोनल्ड्सच्या खिडकीशी गाडी घेतली. मागच्या सीटवरून याने फलकावरचं खेळणं पाहिलं आणि ते ज्याच्याबरोबर मिळतं ते मुलांचं जेवण, हॅपी मील, पाहिजे म्हणून टाहो फोडला. लेक नाही म्हणाली. शांतपणे, पण ठाम. वर कॉफीचे सुटे पैसे मात्र तिने खिडकीखालच्या दानपेटीत टाकले. घरी आल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, “ज्या घराने तुझ्या पोराला सांभाळलं, त्यांच्या दुकानातलं एक खेळणं त्याला घेतलंस तर काय बिघडलं असतं? खाल्ल्या मिठाला जागावं माणसाने.”

ती म्हणाली, “मीठ त्यांचं नव्हतं आई. सूप करणाऱ्या आजोबांचं होतं.”

मला रागच आला. दोन दिवस मी तिच्याशी तुटकच बोलत होते. पण शिक्षकाची सवय, प्रश्न डोक्यात शिरला की तो सोडवल्याशिवाय चैन पडत नाही. मीठ नक्की कुणाचं होतं?

ती घरं चालवणाऱ्या संस्था स्वतंत्र आहेत. मॅकडोनल्ड्स त्यांची मोठी देणगीदार आहे, पण एकटी नाही. बराचसा पैसा गावोगावच्या माणसांचा, दुसऱ्या कंपन्यांचा आणि त्या काउंटरवरच्या पेट्यांतला. पेटीत पडतात ते गिऱ्हाइकाचे सुटे पैसे. हॉलमध्ये एक मोठी बरणी होती, त्यात लोक सोड्याच्या कॅनच्या ॲल्युमिनियमच्या चकत्या आणून टाकायचे. भंगारात विकून त्याचेही पैसे घरालाच. शाळेतली मुलं पिशव्या भरभरून आणायची. स्वयंपाक शेजाऱ्यांचा. गाद्यांवरच्या गोधड्या कुणी कुणी हाताने शिवलेल्या. हे सगळं एका नावाखाली जमा होतं आणि ते नाव विदूषकाचं आहे.

तरी कंपनीचं काहीच नव्हतं, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. पहिले पैसे तिथूनच आले. हजारो दुकानांच्या हजारो काउंटरांवर एकेक पेटी ठेवायची ताकद कुठल्या देवस्थानाकडे आहे? डॉ. एव्हान्स यांना घर हवं होतं. शुद्ध पैशाची वाट बघत बसल्या असत्या तर त्या वर्षीची मुलं आणि त्यांचे आई-बाप बाकांवरच राहिले असते. एव्हान्सबाई २०२२ सालीच गेल्या, ९७ वर्षांच्या होऊन. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण त्यांनी पैसे घेतले ते बरोबर केलं, याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही.

शंका आहे ती देणाऱ्याबद्दल. आणि ती एका प्रसंगाने पक्की झाली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०१० साली नगरमंडळाने एक कायदा केला. लहान मुलांच्या जेवणाबरोबर खेळणं फुकट द्यायचं असेल, तर त्या जेवणात ६०० पेक्षा कमी कॅलरी हव्यात, मीठ-चरबी मर्यादेत हवी, फळं-भाजी हवी. हेतू साधा होता. खेळण्याच्या नादाने मूल तळलेलं खायला शिकू नये. १ डिसेंबर २०११ पासून कायदा लागू झाला. मॅकडोनल्ड्सने काय केलं? खेळणं फुकट द्यायचं बंद केलं आणि त्याला दहा सेंट लावले. जेवण घेणाऱ्यालाच ते मिळणार. आणि ते दहा सेंट कुठे जाणार? सॅन फ्रान्सिस्कोतल्या नव्या रोनाल्ड मॅकडोनल्ड हाऊसला.

हे वाचलं तेव्हा मी मिरजेत स्वयंपाकघरातच होते. गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. आता एखाद्या आईने खेळण्याला नाही म्हटलं, तर ती आजारी मुलांच्या घरालाच नाही म्हणते, असा त्याचा अर्थ लागतो. आमच्यासारख्यांच्या त्या एक्केचाळीस रात्री, ते मंद दिवे, ती जपून टाकलेली पावलं यांची ढाल करून कायद्यापुढे धरली होती. कायदा मोडला नाही, पळवाट काढली आणि पळवाटेवर दानाची पाटी लावली. मला हे लागलं. ज्याने आपल्याला आसरा दिला त्याने आपलंच नाव सांगून दुसऱ्याच्या लेकराला भुलवावं, हे लागलं.

केएफसीनेही २०१० साली असंच केलं. स्तनाच्या कर्करोगासाठी गुलाबी बादल्यांतून तळलेली कोंबडी, बादलीमागे ५० सेंट दान. त्याच महिन्यात पावाऐवजी कोंबडीचेच दोन तळलेले तुकडे लावलेलं नवीन सँडविच त्यांनी बाजारात आणलं. यावर मी जास्त लिहीत नाही.

आणि काउंटरमागे उभं राहणाऱ्या पोरींचं काय? नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या फास्ट फूडच्या कामगारांनी तासाला पंधरा डॉलर मागत काम थांबवलं. पुढच्या वर्षी मॅकडोनल्ड्सने आपल्या कामगारांना घरखर्च कसा बसवावा हे समजावणारा नमुना काढला, आणि त्या नमुन्यात दुसऱ्या नोकरीचं उत्पन्न धरलेलं होतं. म्हणजे आमच्या एका पगारात घर चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. दानपेटीशेजारी उभी राहून ‘सुटे पैसे टाकणार का?’ असं विचारणाऱ्या मुलीचं स्वतःचं मूल आजारी पडलं तर तिने कोणत्या पेटीकडे बघायचं? घरातल्या कामवालीचा पगार थकवून सत्यनारायणाला गावजेवण घालणाऱ्याला आपल्याकडे कुणी पुण्यवान म्हणत नाही.

मग या कंपन्यांनी दान करावं की नको? करावं. मी अगदी मनापासून सांगते, करावं, आणि आता करतात त्याहून पुष्कळ जास्त करावं. ज्यांच्या दारावरून रोज लाखो माणसं जातात, ज्यांच्या नफ्यात आपल्या सगळ्यांच्या पोरांचे हट्ट आहेत, त्यांच्यावर हे देणं आहेच. पण गिऱ्हाइकाचे सुटे पैसे ते गिऱ्हाइकाचं दान, ते वेगळं सांगावं. स्वतःच्या नफ्यातून किती दिलं, ते वेगळं. आणि दानाची गाठ लहान मुलाच्या ताटाशी बांधू नये. तिथे मात्र नाही म्हणजे नाही.

आपल्याकडे याचा थोडाफार विचार झाला आहे, हे मला नंतर कळलं. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. त्यावरच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि स्पष्ट लिहिलं गेलं की आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व यात धरलं जाणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे ते दहा सेंट या वहीत मांडता आले नसते. कागदावरचं प्रत्यक्षात किती उतरतं हा वेगळा विषय, पण रेघ बरोबर जागी ओढली आहे.

आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात छताला पंखा आहे. त्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचं नाव लाल रंगात रंगवलेलं आहे. लहानपणी मी ते वाचायचा प्रयत्न करायची. पंखा बंद असला की नाव वाचता येतं, सुरू झाला की नाव जातं आणि वारा लागतो. नाव घालण्याला माझी ना नाही. माणसाला नाव हवं असतं, कंपनीलाही हवं असतं. पण उकडत असताना मला पंखा बंद करून आधी नाव वाच, असं कुणी सांगू नये.

गाडगेबाबांचंही आठवतं. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या त्या लोकांच्या पैशावर, त्यात धनवान व्यापारीही होते आणि आणा-दोन आणे देणारेही. पण कीर्तनाला उभे राहिले की कर्ज, दारू, देवापुढचे बळी यांच्यावर ते आसूड ओढायचे, समोर कोण बसलंय हे न बघता. घेतलं म्हणून तोंड बंद ठेवलं नाही. मी इतकी वर्षं समजत होते की मिठाला जागणं म्हणजे गप्प बसणं. लेकीने मला तिथे अडवलं ते बरं केलं. दोन दिवसांचा अबोला सोडून मी तिला तसं सांगितलंही. ती काही बोलली नाही, माझ्या हातातला कपडा घेऊन ओटा पुसायला लागली.

२०२३ च्या जानेवारीत नातवाच्या वाढदिवसाच्या आठवड्यात लेकीने त्या घराचा एक दिवस मागून घेतला. घरून करून आणलेलं तिथे चालत नाही, तिथेच शिजवावं लागतं. लेक, जावई, त्यांच्या गावातल्या मराठी मंडळातल्या तिघी आणि मी. मटारभात, वरण, काकडीची कोशिंबीर आणि साठ माणसांना पुरेल एवढा शिरा. फ्रिज तिथेच होते, चकत्यांची बरणीही होती, अर्ध्याच्या वर भरलेली. नातू खुर्चीवर उभा राहून मटार निवडत होता आणि निम्मे खात होता. भांडी मोठी, अंदाज चुकेल म्हणून वरणात मीठ घालायला कुणी पुढे होईना. ते मी घातलं.

जेवायला फारशी माणसं एकदम येत नाहीत, दोन-दोन, तीन-तीन येतात. एक तरुण आई आली, पायांत हॉस्पिटलचे मोजे तसेच. ताटाकडे बघून म्हणाली, दूध-तूप मला चालत नाही, आणि घाईने पुढे म्हणाली, पण काही हरकत नाही, मी पाव घेईन. वरणात तूप वरून घातलेलं होतं. तिला आम्ही पाव घेऊनच जाऊ दिलं, कारण तिचा फोन वाजला आणि ती निघाली होती. तळाशी तूप न लागलेलं वरण थोडं दुसऱ्या पातेल्यात शिल्लक होतं. त्यात गरम पाणी घालून सारखं केलं, छोट्या भांड्यात काढलं, भात वेगळा ठेवला. काउंटरवरच्या मुलीला विचारून घेतलं, मग ड्रॉवरमधली कागदी टेप काढली. नातवाने हट्टाने पेन स्वतःकडे घेतला. मी सांगितले तसे त्याने तिच्या खोलीचे आकडे लिहिले, वाकडे, पण वाचता येण्यासारखे.